पहिल्या स्पर्शापर्यंत

झेंडा वर गेला तेव्हा बॉल जाळीत होता आणि आमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

तालुक्याची शालेय स्पर्धा, मुलींचा सामना, शेवटची तीन-चार मिनिटं. आम्ही एका गोलने मागे. उजव्या बाजूच्या रेघेवरून आमच्या लांब थ्रोवाल्या मुलीने बॉल डोक्यामागून काढला आणि गोलच्या तोंडाशी नेऊन टाकला. एकीने उडी मारून त्याला कपाळ लावलं, बॉल मागे घसरला, आणि गोलीच्या पुढ्यात एकटीच उभ्या असलेल्या आमच्या नऊ नंबरने तो पायाच्या आतल्या बाजूने नुसता आत लोटला. मग शिट्टी. ऑफसाइड. नऊ नंबर लाइनमनकडे धावली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती थ्रोची खूण पुन्हा पुन्हा करत होती, "सर, थ्रो होता! थ्रोवर ऑफसाइड नसतो!" त्यांनी मान हलवली. तेव्हा ती माझ्याकडे वळली. मी साइडलाइनला उभी होते. मी गप्प राहिले.

नऊ नंबर ही आबांची नात. मला आठवी ते दहावी भूमिती शिकवणारे सर निवृत्त झाले आणि साऱ्या प्रकाशा गावाचे आबा झाले. नंदुरबार धुळ्यातच होतं, म्हणजे १९९८च्या आधी, तेव्हापासून ते कबड्डी-खोखोचे पंच. फुटबॉल त्यांनी टीव्हीवर पाहिला तेवढाच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्यांचा निरोप आला, घाटावर ये.

केदारेश्वराच्या घाटावर ते नेहमीच्या पायरीवर बसले होते, खांद्यावर पंचा, शेजारी पितळी तांब्या. तापी पावसाळ्याच्या पाण्याने गढूळ आणि रुंद झालेली. जिथे गोमाई येऊन मिळते तिथे पाण्याला दोन रंग दिसत होते.

"काल तू बोलली का नाहीस?" बस म्हणण्याआधीच त्यांनी विचारलं.

"लाइनमन बरोबर होते, आबा."

"पोर रात्री जेवली नाही. म्हणते, मॅडमनीच शिकवलं, थ्रोवर ऑफसाइड नसतो, बिनधास्त पुढे उभी राहा. मग खरं कोण? तू का तो झेंडा?"

"दोघंही. मी शिकवलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं."

आबांनी तांब्यात बोट बुडवलं आणि पायरीच्या काळ्या दगडावर ओली चौकट काढली. एका बाजूला गोल, मध्ये रेघ. "दाखव. पण आधी ऑफसाइड म्हणजे काय ते. मला येत नाही असं समजून."

मी चार खडे उचलले. वाहून आलेलं झेंडूचं एक फूल पायरीला अडकलं होतं, ते बॉल म्हणून घेतलं. आपला खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्यात असला, बॉलच्या पुढे असला, आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असला, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे. शेवटून पहिली बहुतेक वेळा गोली असते, म्हणून मुलांना आपण 'शेवटच्या बॅकच्या पुढे जाऊ नका' असं सांगतो. हात मोजायचे नाहीत, बाकी डोकं, धड, पाय, काहीही पुढे असलं की झालं. रेघेत बरोबरीने असेल तर चालतं. नुसतं त्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. साथीदाराने बॉलला पाय किंवा डोकं लावलं त्या क्षणी तिथे असणं आणि मग खेळात भाग घेणं, हा गुन्हा.

"त्या क्षणी," आबा म्हणाले. "बॉल मिळाला त्या क्षणी नाही."

"नाही. साथीदाराने खेळला त्या क्षणी."

"ठीक. आता थ्रो."

"थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नाही. गोल किक आणि कॉर्नरलाही तसंच. तीन ठिकाणी सूट."

आबा बराच वेळ चौकटीकडे बघत राहिले. उन्हाने रेघा वाळत चालल्या होत्या, त्यांनी पुन्हा ओल्या केल्या. मग म्हणाले, "हाई काय न्याय शे?" मनातून चिडले की ते अहिराणीत जातात. "नियम कशासाठी? कोणी गोलीच्या पुढ्यात ठाण मांडून बसू नये, खेळून पुढे यावं, यासाठी. मग पायाने दिलेल्या बॉलला एक न्याय आणि हाताने दिलेल्याला दुसरा? कॉर्नरची सूट मला कळते. तिथे बॉलच मुळी गोलच्या रेघेवर. त्याच्या पुढे कोण जाणार? ती सूट दिली काय, न दिली काय. पण थ्रो मैदानाच्या मध्यावरून असू शकतो. तिथे सूट म्हणजे खरीखुरी सूट."

शिकवताना मी हा फरक कधी केला नव्हता. तिन्ही सुटी एका दमात सांगून मोकळी होत असे.

"आबा, तुम्ही खो-खोचे पंच होतात," मी म्हटलं. "खांबाच्या पलीकडे मुक्त क्षेत्र असतं. तिथे पाठलाग करणाऱ्याला दिशेचा नियम लागतो का?"

"नाही लागत. तिथे तो कुठेही वळू शकतो. मैदानात आला की मग दिशा धरायची."

"का?"

"कारण तिथे तो मैदानाच्या बाहेर..." ते थांबले. "म्हणजे थ्रो टाकणारी मुक्त क्षेत्रात आहे, असं म्हणायचंय तुला."

"ती रेघेबाहेर उभी असते. दोन्ही पायांचा काही भाग रेघेवर किंवा बाहेर, जमिनीला टेकलेला. बॉल दोन्ही हातांनी, डोक्यामागून, डोक्यावरून. म्हणजे आत आमच्या दहाच उरतात, समोरच्या अकरा. शिवाय एका बाजूला नुसती रेघ, फेकायला अर्धीच दिशा. त्यात ऑफसाइड लावला तर समोरच्यांना काय करावं लागेल? बॅकची अख्खी रांग वर चढवायची, आमच्या सगळ्यांना रेघेजवळच्या चिंचोळ्या पट्टीत कोंडायचं, बॉल हिसकावून घ्यायचा. मग अडचणीत आलं की बॉल बाहेर मारणं हाच सगळ्यात शहाणपणाचा डाव ठरेल."

"हे तुझं अनुमान का झालेलं आहे?"

"झालेलं आहे."

मग मी त्यांना तो इतिहास सांगितला, आणि तो मला मनापासून आवडतो म्हणून जरा रंगूनच सांगितला. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, तेव्हा बाहेर गेलेल्या बॉलला जो आधी हात लावेल त्याचा थ्रो. कोणी बाहेर मारला याला महत्त्वच नाही! बॉल बाहेर गेला की दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यामागे धावत सुटायचे. आणि फेकायचा तो रेघेला काटकोनात, सरळ आत.

"काटकोनात?" आबांचा चेहरा उजळला.

"बरोबर काटकोनात. म्हणून तेव्हा थ्रोवर ऑफसाइडचा प्रश्न फारसा नव्हताच, बॉल पुढे जातच नव्हता. १८७७ मध्ये कुठल्याही दिशेने फेकायला मुभा मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १८७८ मध्ये, थ्रोवरही ऑफसाइड लागू झाला."

"बघ. म्हणजे माझ्यासारखा विचार करणारे होते तिथे."

"होते. आणि तुमचा नियम बेचाळीस वर्षं चालला. १९२० साली तो काढून टाकला. सुटका करून घ्यायला बॉल बाहेर तडकवायची सवय त्यामुळे मोडेल, म्हणून त्या बदलाचं कौतुक झालं. जो बॉल बाहेर घालवतो त्याला त्याचा फायदा मिळू नये, एवढंच त्यामागे आहे. फेकणारीवर दया म्हणून ही सूट नाही."

घाटावर कोणीतरी दहाव्याच्या विधीला आलं होतं, त्यांना वाट द्यायला आम्ही दोन पायऱ्या वर सरकलो. चौकट तिथेच राहिली. आबांनी नवी काढली, या वेळी काटकोन मोजून काढल्यासारखी.

"आता मी सांगतो तुझं कुठे चुकतं," ते म्हणाले. शाळेत फळ्याकडे वळताना त्यांचा आवाज असाच व्हायचा. "बॉल बाहेर घालवणं हा गुन्हा आहे का?"

"नाही."

"पाय घालून पाडणं हा गुन्हा आहे का?"

"आहे. फ्री किक मिळते."

"फ्री किकला ऑफसाइड लागतो?"

मला पुढचा प्रश्न कळला होता. "लागतो."

"मग हा कुठला हिशोब? ज्याने गुन्हा केला त्याला ऑफसाइडचं संरक्षण, आणि ज्याने गुन्हा न करता बॉल नुसता बाहेर घालवला त्याला संरक्षण नाही? फायदा मिळू नये हेच कारण असेल तर ते फ्री किकला दुप्पट लागू पडतं."

मी पाण्याकडे पाहत राहिले. बारा वर्षं मी हा खेळ शिकवतेय. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, काही सामने नवी मुंबईत होते. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला. त्या दिवशी आमच्या मैदानावर ज्या मुली पहिल्यांदा अनवाणी धावल्या, त्यांच्यातल्या एकीनेही मला हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "अर्धं आहे. फ्री किक पायाने मारायची असते. पायाने बॉल साठ मीटर जातो, बहुतेक फ्री किकवरून थेट गोलही करता येतो. मारणारी मैदानाच्या आत असते, चारी दिशा मोकळ्या. तिथे ऑफसाइडचीही सूट दिली तर सगळ्या जणी गोलीच्या अंगावर जाऊन उभ्या राहतील आणि मधला खेळच संपेल. थ्रोवरून थेट गोल होत नाही. समोरच्यांच्या गोलमध्ये कोणाला न लागता गेला तर त्यांना गोल किक. स्वतःच्याच गोलमध्ये गेला तर समोरच्यांना कॉर्नर."

"स्वतःच्या गोलमध्ये कोण फेकेल?"

"फेकलाय. १६ सप्टेंबर २००२. बर्मिंगहॅम सिटी आणि ॲस्टन व्हिला, एकाच शहरातले दोन वैरी क्लब. व्हिलाच्या मेलबर्गने आपल्याच गोलीकडे थ्रो टाकला. गोली एन्केलमन. बॉल त्याच्या बुटाखालून घरंगळत आत गेला. बुटाला लागला असेल तर गोल, नसेल लागला तर नुसता कॉर्नर. रेफरीने गोल दिला."

"लागला होता?"

"अजून वाद आहे."

आबांनी झेंडूचं फूल उचलून पायरीवरून घरंगळू दिलं, ते कसं जातं ते बघितलं, आणि पुन्हा जागेवर ठेवलं. "म्हणजे इथेही स्पर्शच," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "तुझं उत्तर असं की थ्रो दुबळा आहे, म्हणून त्याला सूट. दोन हातांची अट कधीची?"

"१८८२ची. त्याआधी एका हाताने फेकायचे."

"म्हणजे थ्रो मुद्दाम दुबळा ठेवला. मग त्या दुबळ्याला १९२० मध्ये सूट दिली. हे मला पटतं, आजारी माणसाला रांगेत पुढे घ्यावं तसं. पण तुमची ती पोरगी काल फेकत होती ते दुबळं होतं का?"

ही मुलगी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची, आमच्याकडे वसतिगृहात राहते. पहिल्या वर्षी तिचा प्रत्येक थ्रो फाउल जायचा, मागचा पाय उचलायचा. मी तिला महिनाभर भिंतीसमोर उभी केली, पायाची बोटं जमिनीत रोवून. मग एक दिवस तिने कमरेतून धनुष्यासारखी कमान घेतली आणि बॉल भिंतीवरून पलीकडे गेला. सामन्यात ती थ्रोआधी बॉल जर्सीने पुसते, दोन्ही तळवे बॉलच्या मागे नीट बसवते, अंगठे एकमेकांना जवळजवळ टेकवून. तिच्याकडे बॉल गेला की समोरची गोली ओरडायला लागते.

"नाही," मी कबूल केलं. "तो दुबळा नव्हता. जगातही हा वाद आहे, आबा. इंग्लंडमध्ये स्टोक सिटीचा रोरी डेलॅप २००८च्या सुमाराला टॉवेलने बॉल पुसून असे लांब थ्रो टाकायचा की मोठमोठे क्लब गांगरायचे. शाळेत तो भालाफेकीतला होता. थ्रो गोलसमोर पडायचा, आणि तिथे त्याची माणसं हवी तिथे उभी, कारण ऑफसाइड नाही. बॉल हातातून निघाला तरी काम कॉर्नरचं करत होता."

"मग?"

"त्याच्या आधीच काहींनी सुचवलं होतं की थ्रोच काढा, बॉल पायानेच आत मारा. १९९३ मध्ये जपानमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वस्पर्धेत तसं करूनही पाहिलं. टिकलं नाही. प्रत्येक वेळी बॉल बाहेर गेला की सगळे गोलसमोर गर्दी करणार, खेळ थांबून राहणार."

"मी सांगतो काय करायला हवं," आबा म्हणाले. "समोरच्यांच्या गोलजवळच्या पट्ट्यात थ्रो असेल तर ऑफसाइड लावायचा. मागे असेल तर सूट. सूट गरजेपुरती."

"आणि ती पट्टी कोण बघणार? आमच्या मैदानावर फक्कीच्या रेघा दुसऱ्या हाफपर्यंत पुसून जातात."

"मोठ्या सामन्यांना?"

"फुटबॉलचं मोठेपण हेच आहे ना, की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेच्या सामन्यात जो नियम, तोच आमच्या ढेकळाच्या मैदानावर. तुमचा नियम न्यायाचा असेल, पण लाइनमनला एकाच वेळी फेकणारीचे पाय, पट्टी, शेवटून दुसरी आणि आमची फॉरवर्ड, सगळं बघावं लागेल. आज थ्रोच्या वेळी तो निदान ऑफसाइडच्या ओझ्यातून मोकळा असतो."

आबांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पंचाच्या सोयीसाठी न्याय वाकवायचा नसतो; आयुष्यभर उन्हात उभं राहून पंचगिरी केलेला माणूस हे बोलत होता, म्हणून मी वाद पुढे नेला नाही. मला अजूनही वाटतं की सूट साधी आहे म्हणूनच टिकली. पण फ्री किकचा त्यांचा प्रश्न मी सोडवू शकले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

"बरं, कालचं," ते म्हणाले. "थ्रो सरळ माझ्या नातीकडे गेला असता तर?"

"गोल. ती गोलीच्या मांडीवर बसलेली असती तरी गोल."

"पण मध्ये दुसरीने डोकं लावलं."

"आणि त्या क्षणी थ्रो संपला." मी खडे मांडले. गोली इथे, त्यांची बॅक इथे, आपली डोकं लावणारी बॅकच्या जरा मागे. नऊ नंबर बॅक आणि गोलीच्या मध्ये. "नियमात शब्द 'थेट' असा आहे. थ्रो तिच्या डोक्याला लागला तेव्हा तो साथीदाराने खेळलेला बॉल झाला. आता नवा क्षण, नवं मोजमाप. तुमची नात बॉलच्या पुढे, शेवटून दुसरीच्या पुढे. ऑफसाइड."

मी मोबाइल काढून २७ जून २०१६चा गोल दाखवला. युरो स्पर्धा, फ्रान्समधलं नीस शहर, आइसलंड विरुद्ध इंग्लंड. रूनीच्या पेनल्टीने इंग्लंड पुढे गेलं आणि दोन मिनिटांतच आइसलंडच्या गुन्नारसनने उजवीकडून लांब थ्रो टाकला. आर्नासनने डोक्याने तो पुढे सरकवला, सिगुर्डसनने मागून येऊन आत घातला. गोल दिला गेला, आणि तीन लाख तीस-पस्तीस हजार लोकसंख्येच्या त्या देशाने इंग्लंडला २-१ने घरी पाठवलं. आमचाच डाव, हुबेहूब. मी आर्नासनचं डोकं बॉलला लागतं तिथे चित्र थांबवलं. आबांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांशी नेला.

"हा मागून येतोय. हा उभा नाही," ते म्हणाले.

"एवढाच फरक."

"अगं, ही तर लॉबी!" ते एकदम म्हणाले. "कबड्डीत बाजूची लॉबी आधी मैदानात धरत नाहीत. चढाई करणाऱ्याने तिथे पाय टाकला तर बाद. पण एकदा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तीच लॉबी मैदान होते. जमीन तीच, रेघ तीच. स्पर्शाने नियम बदलतो. आमच्याकडे स्पर्शाने दार उघडतं, तुमच्याकडे बंद होतं."

मला हे कधी सुचलं नव्हतं. कबड्डी खेळलेल्या मुलींना ऑफसाइड शिकवताना मी इंग्रजी पुस्तकातल्या आकृत्या फळ्यावर काढत होते, आणि लॉबी त्यांच्या पायाखाली होती.

"मी त्यांना हे सांगितलं नाही, आबा. 'थ्रोवर ऑफसाइड नसतो' एवढंच सांगितलं, कारण ते लक्षात राहतं. काल ती माझ्याकडे बघत होती तेव्हा मला बोलता आलं नाही ते म्हणून. लाइनमनशी भांडले असते तर आणखी एक खोटं झालं असतं."

इथे आबा असं काही बोलले की मी चमकले. मला वाटलं होतं ते माझ्यावर रागावतील.

"अर्धं सांगणं खोटं नसतं. आठवीत मी तुला काय शिकवलं? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?"

"१८० अंश."

"कुठल्या त्रिकोणाच्या?"

"सगळ्या."

"सपाट कागदावरच्या. पृथ्वीच्या गोलावर त्रिकोण काढ, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन बाजू, बेरीज २७० सुद्धा होते. मला ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साधं प्रमेयही डोक्यात बसलं नसतं. शिक्षकाला अर्धं सांगावंच लागतं. पुढचं पुढच्या इयत्तेत."

"पण तुमच्या अर्ध्या प्रमेयामुळे कोणाचा गोल रद्द झाला नाही, आबा. परीक्षेत गोलावरचा त्रिकोण कधी आलाच नाही. माझं अर्धं मात्र पहिल्याच खऱ्या सामन्यात आलं. ती रडली, आणि तिला वाटलं पंचांनी लुबाडलं. रात्रभर तिच्या मनात एका निर्दोष माणसाबद्दल राग होता. तो मी घातला."

"मग आठवीतल्या पोरींना अख्खा नियम वाचून दाखवणार?"

"नाही. एक शब्द जास्त सांगणार. 'थेट'. थेट थ्रोवर ऑफसाइड नाही."

"तो शब्द त्या ऐकतील आणि विसरतील. मीसुद्धा 'सपाट' हा शब्द म्हणालो असेन. तू विसरलीस."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विधी करणारे लोक निघून गेले होते, पाण्यात पिंडाभोवती मासे आले होते. आबांनी तांब्या भरून घेतला, पंचा झटकला. "चल," म्हणाले. "सांगून नाही बसत ते. उभं करून बसेल."

मैदानावर चार-पाच जणी होत्या, वसतिगृहातल्या. थ्रोवाली आली. नात घरून आली, डोळे सुजलेले, माझ्याकडे न बघता. मी तिला जवळ बोलावून सांगितलं की लाइनमन बरोबर होते आणि मी चुकीचं शिकवलं होतं. ती काही बोलली नाही, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. मग विचारलं, "मग मी कुठे उभी राहू?"

"उभं राहायचंच नाही," मी म्हटलं. "थ्रो थेट तुला येणार असेल तर कुठेही राहा. पण मध्ये कोणी डोकं लावणार असेल तर त्यांच्या शेवटच्या बॅकच्या रेघेत थांब, आणि डोक्याला लागला की निघ. थ्रोला नाही, डोक्याला."

गोल म्हणून दोन विटा. बॅक म्हणून एक मुलगी. आबा पंचा हातात घेऊन बाजूच्या रेघेवर गेले आणि बॅकच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, कबड्डीच्या पंचासारखे. कुठे उभं राहायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

थ्रोवालीने बॉल जर्सीला पुसला. मागचा पाय जमिनीला घासत आला, उचलला नाही. बॉल उंच गेला. मधल्या मुलीने उडी मारली, बॉल तिच्या डोक्याच्या कडेला लागून मागे वळला, नात धावली, विटांमधून बॉल गेला. सगळ्या जणी वळून आबांकडे बघायला लागल्या.

पंचा अर्धा वर गेला होता आणि तिथेच थांबला होता.

"परत टाक गं," आबा ओरडले. "मी बॉलकडे बघत राहिलो. ही कधी निघाली ते मला दिसलं नाही."